सुरुंग पेरणारी यू-७३

२७ एप्रिल १९१६ च्या पहाटे ‘रसेल’ ही ब्रिटिश आरमाराची चौदा हजार टनी युद्धनौका माल्टाच्या जवळ आली होती. माल्टा हा भूमध्य समुद्रातला ब्रिटिशांचा हक्काचा तळ. इथवर पोहोचलं की खलाशी थोडे सैलावत. अशा ठिकाणी ‘रसेल’खाली दोन स्फोट झाले आणि सव्वाशेच्या आसपास माणसं दगावली. तेवढ्यावर भागलं नाही. ‘नॅस्टर्शियम’ ही छोटी लढाऊ नौका आणि ‘एगूसा’ ही तोफा चढवलेली यॉटही लागोपाठ त्याच पाण्यात बुडाल्या. ‘एगूसा’ची ओळख सांगायला हवी. युद्धापूर्वी तिचं नाव ‘एरिन’ होतं आणि ती सर थॉमस लिप्टन यांच्या मालकीची होती. ज्यांचं नाव आपल्याकडे चहाच्या पुड्यांवर वाचायला मिळतं तेच हे लिप्टन.

दोन दिवसांत तीन जहाजं गेली आणि शत्रू कुणाला दिसलाच नाही. दिसणार तरी कसा? सुरुंग टाकून यू-७३ ही जर्मन पाणबुडी केव्हाच पुढे निघून गेली होती.

पाणबुडी म्हटलं की डोळ्यांसमोर पेरिस्कोप आणि टॉर्पेडो येतात. पहिल्या महायुद्धात जर्मनीने पाणबुड्यांचा एक वेगळाच वर्ग बांधला. त्यांचं मुख्य काम शिकार करणं हे नव्हतंच. शत्रूच्या बंदरांच्या तोंडाशी, सामुद्रधुन्यांत, नेहमीच्या जलमार्गांवर पाण्याखालून गुपचूप जायचं, सुरुंग पेरायचे आणि परतायचं. साध्या जहाजातून हे काम करायचं तर किनाऱ्यावरच्या तोफा आणि गस्तीच्या नौका यांच्या नजरेतून सुटणं कठीण. पाणबुडीला ती अडचण नाही.

सुरुवातीच्या ‘यूसी’ वर्गातल्या पाणबुड्या अगदी चिमुकल्या होत्या. सुमारे ३४ मीटर लांब, पंधराएक माणसांच्या. त्यांच्या नाळेकडच्या भागात तिरप्या उभ्या सहा नळ्या असत आणि प्रत्येकीत दोन, असे एकूण बारा सुरुंग. या नळ्या समुद्राला खुल्या असल्यामुळे सुरुंग सतत पाण्यात भिजत राहत. शिवाय सुरुंग किती खोलीवर तरंगायला हवा हे बंदर सोडण्यापूर्वीच ठरवावं लागे. वाटेत बेत बदलला तरी ते बदलता येत नसे. आणि सुरुंग सुटताक्षणीच फुटला तर पहिला बळी पाणबुडीचाच. मार्च १९१६ मध्ये इटलीतल्या तारांतोजवळ यूसी-१२ अशीच स्वतःच्या सुरुंगांनी उडाली. इटालियन पाणबुडे खाली उतरले तेव्हा ती जर्मन असल्याचं उघड झालं. मौज अशी की इटली आणि जर्मनी यांच्यात तेव्हा युद्धच पुकारलेलं नव्हतं!

यू-७३ दुसऱ्या आणि मोठ्या जातकुळीची. यू-७१ ते यू-८० अशा दहा पाणबुड्या या नमुन्याच्या. यू-७३ डान्झिगच्या सरकारी गोदीत बांधली गेली आणि ऑक्टोबर १९१५ मध्ये आरमारात दाखल झाली. लांबी जवळपास ५७ मीटर, पाण्यावर असताना वजन ७५५ टन, माणसं बत्तीस. तिच्या आराखड्यातली कल्पक गोष्ट म्हणजे सुरुंगांची कोठी. ती पाणबुडीच्या पोटात, पिछाडीकडे आणि कोरडी होती. तिथे तीसहून अधिक सुरुंग रचलेले असत. तिथून ते एक मीटर व्यासाच्या दोन आडव्या नळ्यांमधून मागच्या बाजूने बाहेर सोडले जात. कोरडे असल्यामुळे समुद्रातही त्यांना हात लावता येई, जागा पाहून खोली ठरवता येई. मात्र प्रत्येक सुरुंग बाहेर पडला की शेपटीकडचं वजन घटणार. तेवढं पाणी टाक्यांत भरून तोल सावरला नाही, तर शेपूट वर उचललं जाऊन सगळा खेळ उघडा पडायचा.

या कोठीची किंमत बाकी सगळ्याने मोजली. आत जागाच उरली नाही म्हणून टॉर्पेडोच्या दोन नळ्या मुख्य कवचाच्या बाहेर बसवाव्या लागल्या. पाण्याखाली असताना त्या पुन्हा भरण्याची सोय नाही. इंजिनं जेमतेम नऊशे अश्वशक्तीची. पाण्यावर वेग ताशी वीस किलोमीटरही भरत नसे आणि बुडी मारल्यावर तो आणखी कमी. लढाऊ पाणबुडी म्हणून पाहिलं तर ही बोजड आणि संथ होती, हे मान्य करायला हवं. पण तिने नेलेला माल स्वतःचं काम स्वतः करत असे.

हा माल कसा काम करी? सुरुंग आणि त्याचा नांगर एकत्रच बाहेर पडून तळाशी जात. पाण्यात हळूहळू विरघळणारं एक बूच त्यांना थोडा वेळ बांधून ठेवी. पाणबुडीला दूर सरकायला तेवढी सवड मिळे. बूच विरघळलं की सुरुंग वर निघे, नांगराशी जोडलेली तार उलगडत जाई आणि ठरलेल्या खोलीवर तो थांबे. त्याच्या अंगावर शिशाची शिंगं असत. शिंगाच्या आत काचेची नळी, नळीत आम्ल. जहाज घासलं की मऊ शिंग वाकतं, काच फुटते, आम्ल खालच्या घटात उतरतं, वीज तयार होते आणि स्फोट होतो. आत आधीपासून भरलेली बॅटरी नसल्यामुळे हा सुरुंग फार दिवस टिकून राही. ब्रिटिशांचे स्वतःचे सुरुंग तेव्हा इतके बेभरवशाचे होते की १९१७ मध्ये त्यांनी जर्मन नमुन्यावरूनच आपला नवा सुरुंग तयार केला.

एप्रिल १९१६ च्या आरंभी यू-७३ने जर्मनी सोडली. तिचा कप्तान होता गुस्टाफ झीस. ब्रिटनला वळसा, मग अटलांटिक, लिस्बनजवळ थोडे सुरुंग, जिब्राल्टर पार करून माल्टा, आणि महिनाअखेर एड्रियाटिकमधलं कात्तारो हे दोस्त ऑस्ट्रियाचं बंदर. ‘रसेल’ गेली ती या पहिल्याच फेरीत.

मोठी घटना मात्र शरद ऋतूत घडली. २८ ऑक्टोबर १९१६ ला यू-७३ने ग्रीसच्या केआ बेटाजवळच्या सामुद्रधुनीत सहा-सहाच्या दोन ओळींत बारा सुरुंग सोडले. १४ नोव्हेंबरला ‘ब्युर्दिगाला’ हे फ्रेंच जहाज तिथे बुडालं. तो टॉर्पेडोचा हल्ला समजला गेला. हे जहाज मूळचं जर्मन, ‘कायझर फ्रीडरिश’ नावाचं, आणि तेही डान्झिगमध्येच बांधलेलं.

सात दिवसांनी, २१ नोव्हेंबरला सकाळी ‘ब्रिटॅनिक’ त्याच वाटेने आली. ‘टायटॅनिक’ची ही धाकटी बहीण ४८ हजार टनांची होती आणि युद्धात तिचं इस्पितळ-जहाज केलेलं होतं. पांढरा रंग, हिरवा पट्टा, मोठे लाल क्रॉस. लेम्नोस बेटावरच्या मुद्रोस बंदरात जखमींना घ्यायला ती निघाली होती, म्हणून त्या दिवशी तिच्यावर रुग्ण नव्हते. ‘टायटॅनिक’च्या अनुभवातून शहाणं होऊन तिला दुहेरी कवच दिलं होतं, आतल्या भिंती उंच केल्या होत्या. सकाळी ८ वाजून १२ मिनिटांनी स्फोट झाला. जलरोधक दरवाजे नीट बंद झाले नाहीत. त्यात हवा खेळावी म्हणून खालच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघड्या ठेवलेल्या होत्या. जहाज कललं आणि पाणी त्या खिडक्यांतूनच आत आलं.

कप्तान चार्ल्स बार्टलेट यांनी जहाज केआच्या किनाऱ्यावर चढवायचा प्रयत्न केला. त्यासाठी इंजिनं चालू ठेवावी लागली आणि घात तिथेच झाला. हुकमाआधीच उतरवलेल्या दोन होड्या फिरत्या पंख्यांत ओढल्या गेल्या. मेलेल्या तीस जणांपैकी बहुतेक या होड्यांमधले. त्यांतल्या एका होडीतून व्हायोलेट जेसप या परिचारिकेने उडी घेतली आणि डोक्याला मार लागूनही ती वाचली. ‘टायटॅनिक’ बुडताना ती त्या जहाजावरही होती. पंचावन्न मिनिटांत ‘ब्रिटॅनिक’ तळाला गेली. जहाजावरच्या सुमारे १,०६५ जणांपैकी बाकीचे सगळे वाचले, ते शांत, उबदार समुद्र आणि दिवसाचा उजेड यांमुळे. दोनच दिवसांनी यू-७३च्याच सुरुंगाने ‘ब्रेमार कॅसल’ या आणखी एका इस्पितळ-जहाजाला जखमी केलं.

१९०७ च्या हेग कराराने इस्पितळ-जहाजांना संरक्षण होतं. टॉर्पेडो सोडणाऱ्याने लाल क्रॉस पाहिला की नाही, असा सवाल करता येतो. सुरुंगाच्या बाबतीत तो कुणाला करायचा? ‘ब्रिटॅनिक’वर टॉर्पेडोच डागला असा आरोप वर्षानुवर्षं होत राहिला. जहाजाचे अवशेष १९७५ मध्ये झाक कुस्तो यांनी सुमारे १२० मीटर खोलीवर शोधून काढले. २००३ च्या मोहिमेत समुद्रतळावर सुरुंगांचे नांगर सापडले, त्यामुळे जर्मन नोंदी खऱ्या ठरल्या.

यू-७३च्या भगिनींपैकी यू-७५ची एक कामगिरी भारताच्या इतिहासाला चाटून जाते. मे १९१६ च्या अखेरीस तिने स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांजवळ ३४ सुरुंग पेरले. ५ जूनला रशियाकडे निघालेली ‘हॅम्पशायर’ ही क्रूझर त्यांवर आदळली. बारा जण वाचले. बुडालेल्यांत ब्रिटनचे युद्धमंत्री लॉर्ड किचनर होते, म्हणजे लॉर्ड कर्झनशी भांडून त्यांना राजीनाम्यापर्यंत नेणारे हिंदुस्थानचे माजी सरसेनापती. पुढच्या वर्षी डिसेंबरात यू-७५ स्वतःच डच किनाऱ्याजवळ सुरुंगावर फुटली.

मुंबईच्या पाण्यातही १९१७ मध्ये जर्मन सुरुंग पडले आणि ‘मंगोलिया’ हे पी अँड ओ कंपनीचं प्रवासी जहाज जूनमध्ये त्यांना बळी पडलं. ते टाकले होते मात्र ‘वुल्फ’ या व्यापारी जहाजाचं सोंग घेतलेल्या युद्धनौकेने.

झीस १९१७ मध्ये यू-७३वरून बदलून गेला आणि पुढच्या वर्षी त्याला ‘पूर ल मेरित’ हा प्रशियाचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला. ऑक्टोबर १९१८ मध्ये ऑस्ट्रिया कोलमडला तेव्हा एड्रियाटिकमधल्या ज्या जर्मन पाणबुड्या मायदेश गाठू शकल्या त्या निघाल्या. यू-७३ त्यांत नव्हती. ३० ऑक्टोबरला, ऑस्ट्रियाने आपलं आरमार युगोस्लाव्हांच्या हवाली करण्याच्या आदल्या दिवशी, जर्मनांनीच तिला पोला बंदरात बुडवून टाकलं.