थोरले कोअर, धाकटे कोअर

फोनच्या प्रोसेसरचा बराचसा दिवस किरकोळ कामांत जातो. गाणं वाजवायचं, मेल आलाय का बघायचं, घड्याळ पुढे सरकवायचं. मध्येच कॅमेरा उघडतो, गेम सुरू होतो आणि काही क्षण त्याला अंगातलं सगळं बळ लावावं लागतं. या क्षणांसाठी बनवलेला ताकदवान कोअर उरलेला दिवसभर बॅटरी खात बसला तर कसं चालेल? म्हणून एकाच चिपवर थोरले आणि धाकटे असे दोन जातींचे कोअर नांदवण्याची रीत आली. आज बहुतेक फोन आणि कितीतरी लॅपटॉप याच रीतीवर चालतात.

मुळात कोअर वेगवान करणं फार महाग पडतं. ताकदवान कोअर आज्ञा आल्या त्या क्रमाने पार पाडत नाही. जिची सामग्री हाताशी आहे ती आज्ञा तो आधी उरकतो, पुढे काय लागेल याचे अंदाज बांधतो आणि शेवटी सगळं मूळ क्रमात लावून देतो. हा हिशेब ठेवायला भरमसाट सर्किट लागतं. इंटेलचे फ्रेड पोलॅक यांच्या नावाने ओळखला जाणारा ठोकताळा सांगतो की कोअरला चौपट जागा दिली तर वेग जेमतेम दुप्पट होतो. त्यात वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत चढतो. म्हणजे शेवटचा थोडा वेग सगळ्यात महागात पडतो.

यावरचा तोडगा २००३ साली राकेश कुमार, डीन टुलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका शोधनिबंधात मांडला. अल्फा या प्रोसेसर-घराण्यातले वेगवेगळ्या पिढ्यांचे कोअर एकाच काल्पनिक चिपवर बसवले आणि कामाच्या दर टप्प्याला योग्य कोअर निवडला, तर काय होईल हे त्यांनी संगणकावर तपासलं. सरासरी ३९ टक्के ऊर्जा वाचली, वेग फक्त ३ टक्क्यांनी घटला.

ही कल्पना बाजारात रुजवली ती ब्रिटनच्या आर्म कंपनीने. ऑक्टोबर २०११मध्ये तिने ‘बिग-लिटल’ रचना जाहीर केली. त्यात थोरला कॉर्टेक्स-ए१५ होता आणि धाकटा, आज्ञा निमूट क्रमाने पाळणारा कॉर्टेक्स-ए७. २०१३च्या गॅलेक्सी एस४मधल्या एक्झिनॉस ५ ऑक्टामध्ये असे चार-चार कोअर होते, पण दोन्ही चौकड्या एकत्र चालत नसत. काम वाढलं की धाकटी झोपे आणि थोरली उठे. ॲपलनेही २०१६च्या ए१०मध्ये एका वेळी एकच जोडी चालवली. पुढच्या वर्षी ए११मध्ये सहाही कोअर एकदम राबू लागले.

या संसाराची अट एकच. वेग वेगळा असला तरी चालेल, पण दोन्ही कोअरना तोच आज्ञासंच कळला पाहिजे, कारण चालू प्रोग्रॅम मध्येच उचलून दुसऱ्या कोअरवर ठेवला जातो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. ही अट किती बारीक आहे हे २०१६ साली मोनो या सॉफ्टवेअरच्या मंडळींना कळलं. काही फोनवर ॲप अधूनमधून, वरवर काहीच कारण नसताना, कोसळत होती. कोसळण्याचे पत्ते मांडून पाहिल्यावर दिसलं की ते मेमरीच्या १२८ बाइटच्या प्रत्येक तुकड्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागातच पडताहेत. एक्झिनॉस ८८९० प्रोसेसरमध्ये थोरल्या कोअरच्या कॅशची, म्हणजे हाताशी ठेवलेल्या छोट्या जलद मेमरीची, ओळ १२८ बाइटची होती आणि धाकट्याची ६४ची. प्रोग्रॅमने थोरल्यावर असताना १२८ हे माप घेऊन ठेवलं, मग तो धाकट्यावर गेला आणि त्याच मापाने कॅश साफ करू लागला. दर दुसरी ओळ शिळीच राहिली. इलाज साधा निघाला: सगळ्यांत लहान कोअरचं माप धरायचं.

इंटेललाही हीच अट नडली. २०२१च्या ‘आल्डर लेक’मध्ये एका थोरल्या कोअरच्या जागेत जवळपास चार धाकटे बसतात, हा मोठाच फायदा. पण थोरल्यांना येणाऱ्या एव्हीएक्स-५१२ या आज्ञा धाकट्यांना येत नव्हत्या. शेवटी थोरल्यांच्याही बंद ठेवाव्या लागल्या.

खरी कसोटी मात्र काम वाटणाऱ्या मुकादमाची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिममधल्या शेड्युलरची असते. वर्षानुवर्षं तो सगळे कोअर सारखेच धरून चालला होता. कोणत्या कोअरवर कामाला किती ऊर्जा लागेल याचा अंदाज बांधूनच काम देण्याची सोय लिनक्सच्या मुख्य शाखेत २०१९ साली, ५.० आवृत्तीत आली. बिग-लिटल जाहीर होऊन तोवर सात वर्षं उलटली होती. इंटेलने तर चालू कामाचा स्वभाव ओळखून विंडोज ११ला खबर देणारी यंत्रणा चिपमध्येच बसवली.

धाकट्यांचं स्थानही कायमचं नाही. २०२३च्या डायमेन्सिटी ९३००मध्ये मीडियाटेकने अगदी छोटे कोअर वगळले आणि चार फार मोठे, चार मोठे ठेवले. काम झटपट संपवून लवकर झोपी जाणंही कधीकधी स्वस्त पडतं.

तेव्हा ‘ऑक्टा-कोअर’ या शब्दावर फोन घेऊ नका. हेलिओ पी१०मध्येही आठ कोअर होते, पण आठही धाकट्या जातीचे, कॉर्टेक्स-ए५३. आठांपैकी थोरले किती आणि कोणत्या पिढीचे, एवढं दुकानदाराला आधी विचारा.