रंगमिश्रण
मोजक्या मूलभूत रंगांच्या संयोगाने इतर रंगांची संवेदना निर्माण करण्याची क्रिया. ती दोन प्रकारे घडते : भिन्न रंगांचे प्रकाश एकत्र करून (बेरजेची पद्धती) किंवा पांढऱ्या प्रकाशातील काही घटक शोषून घेऊन (वजाबाकीची पद्धती). संगणकाच्या पडद्यावरील चित्र पहिल्या, तर कागदावर छापलेले चित्र दुसऱ्या पद्धतीने रंगीत दिसते. पडद्यावर तयार केलेल्या अंकीय चित्राचे रंग छापल्यावर बदललेले दिसतात, याचे मूळ कारण हा भेदच होय.

मानवी डोळ्याच्या जालपटलात दीर्घ, मध्यम व लघू तरंगलांब्यांच्या प्रकाशास विशेष संवेदनशील अशा तीन प्रकारच्या शंकुकोशिका असतात. टॉमस यंग यांनी १८०२ मध्ये अशा तीन ग्राहकांची कल्पना मांडली व पुढे हेल्महोल्ट्स यांनी ती विकसित केली. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये लंडन येथे, तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्यांतून घेतलेली एका रंगीत फितीची तीन छायाचित्रे पडद्यावर एकावर एक प्रक्षेपित करून रंगीत प्रतिमा दाखविली.

बेरजेची पद्धती : पडद्यावरील प्रत्येक चित्रबिंदूत तांबडा, हिरवा व निळा असे तीन प्रकाशघटक असतात. तांबडा व हिरवा प्रकाश मिळून पिवळा, तर तिन्ही मिळून पांढरा रंग दिसतो. प्रत्येक घटकाच्या तेजाच्या २५६ पायऱ्या धरल्यास १,६७,७७,२१६ संयोग होतात. तथापि तेच अंक निरनिराळ्या पडद्यांवर निरनिराळे रंग दाखवू शकतात. म्हणून अंकांना निश्चित अर्थ देणाऱ्या एसआरजीबी (१९९६) यांसारख्या प्रमाण प्रणाली ठरविण्यात आल्या.

वजाबाकीची पद्धती : छापील चित्राला स्वतःचा प्रकाश नसतो. सायन (हिरवट निळी) शाई तांबडा, मॅजेंटा (किरमिजी) शाई हिरवा व पिवळी शाई निळा प्रकाश शोषून घेते. त्यामुळे पिवळ्यावर सायन शाई पडल्यास हिरवा रंग दिसतो. तिन्ही शायांच्या मिश्रणाने शुद्ध काळा रंग न येता मळकट तपकिरी छटा येते. म्हणून काळी शाई वेगळी वापरतात. इंकजेट मुद्रकात उष्णतेने निर्माण होणाऱ्या वाफेच्या बुडबुड्याच्या किंवा दाबविद्युत् घटकाच्या साहाय्याने शाईचे अतिसूक्ष्म थेंब छिद्रांतून कागदावर फेकले जातात. फिकी छटा हवी असल्यास ठिपके विरळ टाकतात. काही मुद्रकांत त्यासाठी सायन व मॅजेंटा यांच्या फिक्या शायाही असतात. अलेपित कागदात शाई शोषली जाऊन पसरते व रंग मंद दिसतात. लेपित कागदावर ती पृष्ठभागाजवळ राहून रंग अधिक गडद उठतात.

रंगव्याप्ती व रंगव्यवस्थापन : एखादे साधन जितके रंग दाखवू शकते, त्या समुच्चयास त्याची रंगव्याप्ती म्हणतात. पडद्यावरील झगझगीत हिरवे व निळे रंग पुष्कळदा शाईच्या व्याप्तीबाहेर असतात; उलट छापील सायनच्या काही छटा एसआरजीबीच्या व्याप्तीत बसत नाहीत. या दोहोंची सांगड घालण्यासाठी डोळ्याच्या प्रतिसादावर आधारलेले, साधननिरपेक्ष मापन लागते. आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने १९३१ मध्ये व सुधारित स्वरूपात १९७६ मध्ये अशा पद्धती निश्चित केल्या. पडदा, तसेच मुद्रक, शाई व कागद यांचा विशिष्ट संयोग, यांचे रंगगुण मोजून त्यांची वर्णनपत्रे तयार करतात आणि त्यांच्या आधारे संगणक अंकांचे रूपांतर करतो. व्याप्तीबाहेरचे रंग जवळच्या छाप्य रंगाने बदलता येतात किंवा परस्परसंबंध टिकावेत म्हणून सर्वच रंग थोडे आकुंचित करता येतात. पहिल्या पद्धतीत व्याप्तीतील रंग अचूक राहतात, परंतु तीव्र रंगांतील सूक्ष्म भेद लोपतात. दुसरीत ते भेद पुष्कळसे टिकतात, पण चित्राची एकूण झळाळी कमी होते. यांपैकी काय गमवावयाचे, हा निर्णय यंत्राचा नसून चित्रकाराचा असतो. त्यामुळे छापण्यापूर्वी पडदा प्रमाणित करणे, योग्य वर्णनपत्र निवडणे व ठराविक प्रकाशात चाचणी प्रत तपासणे आवश्यक ठरते.