व्हीएचएफ खरखरतोय? आधी दिवे बघा

बोटीवरचा व्हीएचएफ अंधार पडला की खरखरायला लागतो? सेट उघडायची घाई नको. बहुतेक वेळा संशयित डोलकाठीवर असतो, अँटेनाला खेटून बसलेला एलईडी दिवा. त्रास देतं ते त्यातलं स्वस्त ड्रायव्हर सर्किट. अमेरिकी तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याबद्दल इशाराच काढला होता.

तपासायचं कसं? शांत चॅनल लावा, खरखर जेमतेम थांबेल इतकाच स्क्वेल्च फिरवा. मग एकेक दिवा लावा. खरखर परतली की चोर सापडला! स्क्वेल्च आणखी पिळून ती दाबू मात्र नका; चॅनल १६ वरची लांबची, क्षीण हाकही त्यात गडप होते.

दिवे निर्दोष निघाले तर इन्व्हर्टर, चार्जर, पंप याच क्रमाने बंद-चालू करून बघा.