परिचारकाचे हात

इंदापूर-बारामतीच्या ऊसपट्ट्यात कंबर-गुडघ्यांच्या वेदना घेऊन रुग्ण आपल्याकडे येतात. आपण अभ्यंग लिहून देतो. तो करतो मात्र परिचारक. चरकसंहितेने त्यास चिकित्सेच्या चार पादांत स्थान देऊन उपचारज्ञता, दक्षता, अनुराग व शुचिता हे त्याचे गुण सांगितले आहेत. त्यांवरच त्याचा व्यवसाय उभा राहतो.

तेल केव्हा लावू नये हे जाणणे, हीही उपचारज्ञताच. नवज्वर, अजीर्ण, कफाधिक्य व नुकतेच झालेले शोधन यांत अभ्यंग वर्ज्य होय. एकाच पोटरीस अकस्मात सूज, उष्णता व वेदना असल्यास खोल शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. मर्दनाने ती सुटून फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. अशा वेळी हात आवरून वैद्यास बोलावणाराच खरा कुशल.

शुचिता केवळ हातांची नव्हे. रुग्णाची अनुमती घेणे, आवश्यक तेवढेच अंग उघडे करणे, स्त्रीरुग्णांसाठी परिचारिका नेमणे आणि खोटी हमी न देणे, हेही तीतच येते.

मात्र परिचारकास आपण शिकविले नाही, योग्य वेतन दिले नाही, तर हे गुण मागण्याचा अधिकार आपणास उरत नाही, असे आम्हांस वाटते. औषधालयचालकांनीही तेल देताना मर्दनाचा सल्ला वैद्यावर सोपवावा.