रामरक्षा आणि जीवरक्षक जाकीट

अनंत चतुर्दशी समीप आली की भाटघर, नीरा-देवघर, पानशेत या भोर-वेल्ह्याच्या जलाशयांकाठी आमचे मन दुहेरी होते. श्रींना निरोप देताना कंठ दाटतो आणि पाण्याकडे पाहून काळजीही वाटते. कांबरेश्वराचे प्राचीन शिवालय वर्षातील बहुतेक काळ भाटघरच्याच उदरात असते. वरून शांत दिसणाऱ्या त्या पाण्याची खोली डोळ्यांना कळत नाही.

२०१९ मध्ये भोपाळला विसर्जनाच्या होड्या उलटून ११ जण बुडाले. आपल्या जिल्ह्याच्या सीमेवर, उजनीच्या जलाशयात, २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळात उलटून ६ जीव गेले.

पट्टीचा पोहणाराही अकस्मात पडला तर गांगरतो; भिजलेले धोतर-लुगडे पायांत गुंतते. अशा वेळी जीवरक्षक जाकीट देह पाण्यावर तोलून धरते. मात्र ते बैठकीखाली ठेवून उपयोगाचे नाही. काठावरच अंगात घालावे, बंद आवळावेत, मुलांना त्यांच्या मापाचे द्यावे. खांद्याशी धरून ओढले असता ते हनुवटीवर सरकू नये. मूर्ती सोडताना सर्वांनी एकाच बाजूस झुकू नये. कयाकसारख्या चिमुकल्या नावेत तर जाकिटाविना बसूच नये.

रामरक्षा म्हणताना आपण मस्तकापासून पावलांपर्यंत एकेका अवयवाचे रक्षण मागतो. मग तोच देह पाण्यावर उघडा कसा न्यावा? ईश्वरदत्त बुद्धी वापरणे हीही त्याचीच सेवा होय. पुढल्या वर्षी बाप्पा येतील तेव्हा आरतीला घरातील प्रत्येकजण उभा असावा, हीच आमची प्रार्थना.