सोफ्यावरचं सोनं किती जुनं? : सँपल घेण्याआधी प्रश्न का हवा

इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यात केडलस्टन हॉल नावाचा मोठा वाडा आहे. आपल्याला माहीत असलेला व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन याच घराण्यातला. वाड्याच्या दिवाणखान्यात लंडनच्या जॉन लिनेलने १७६०च्या दशकात बनवलेले चार सोफे आहेत. त्यांवर समुद्रातल्या काल्पनिक स्त्री-पुरुषांच्या आकृती कोरल्या आहेत आणि लाकडावर सोन्याचा वर्ख आहे. त्या काळी इंग्लंडच्या अशा वाड्यांत सोनेरी आणि रंगवलेले सोफे बरेच असत.

आता समजा, असाच एक सोफा तुमच्यासमोर आला. सोबतच्या कागदावर लिहिलंय, 'रंगवलेला व सोनेरी, अठरावं शतक'. लाकूड त्या काळचं असेलही. पण वरचा रंग आणि सोनं?

हा प्रश्न का पडतो, ते बघा. वर्ख थेट लाकडावर बसत नाही. आधी खडूची भुकटी आणि सरस यांचे अनेक हात, त्यावर लाल किंवा पिवळ्या बारीक मातीचा थर, मग वर्ख, आणि शेवटी अकीकाच्या दगडाने घोटून चमक. वर्खाची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी! तो झिजतो. मग पुढची पिढी त्यावर नवा वर्ख चढवते, रंग देते, नाहीतर पितळेच्या भुकटीचा स्वस्त सोनेरी रंग फासते. म्हणजे आज दिसतो तो फक्त सगळ्यात वरचा थर.

आपण सायन्सवाले लगेच मशीनकडे धावतो. क्ष-किरण प्रतिदीप्ती, म्हणजे एक्सआरएफ, वापरलं तर ओरखडाही न काढता मूलद्रव्यं कळतात. समजा, टायटॅनियम सापडलं. टायटॅनियम पांढरा हा रंग पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बाजारात येऊ लागला. मग झालं, थर विसाव्या शतकातला?

थांबा. वर्खाखालच्या मातीतही थोडं टायटॅनियम नैसर्गिकरीत्या असू शकतं. एक्सआरएफ सगळ्या थरांचे सिग्नल एकत्र दाखवतं. टायटॅनियम आहे हे कळलं, पण कुठल्या थरात आहे हे कळलंच नाही.

त्यासाठी टाचणीच्या डोक्याहून लहान कपचा काढतात, रेझिनमध्ये बसवतात, घासून गुळगुळीत करतात आणि कडेने सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मग थर एकावर एक दिसतात. दोन थरांच्या मध्ये मळाची रेघ असेल, तर खालचा थर बराच काळ उघडा होता असं म्हणता येतं. टायटॅनियम पांढरा वरच्या थरात असेल, तर तो थर विसाव्या शतकाआधीचा नाही. मात्र खालचे थर त्याहून किती जुने, हे त्यावरून ठरत नाही.

यात पणाला काय लागतं? या उत्तराच्या भरवशावर कोणीतरी वरचा थर काढायचा की ठेवायचा ते ठरवणार असतं. काढलेला थर परत येत नाही. कपचाही परत चिकटवता येत नाही.

हे मला सोफ्यामुळे नाही, स्वतःच्या चुकीमुळे कळलं. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मशीनचा स्लॉट मिळाला म्हणून मी जपून ठेवायचं सँपल वापरून टाकलं. ग्राफ सुंदर आले. गाइडनी विचारलं, "यातून काय ठरवायचं होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि सँपलही उरलं नव्हतं.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना प्रत्येक प्रयोगापुढे दोन ओळी लिहा. निकाल असा आला तर मी काय म्हणेन? आणि तोच निकाल दुसऱ्या कुठल्या कारणाने येऊ शकतो? दुसरी ओळ सुचत नसेल, तर सँपलला अजून हात लावू नका.