लग्न न झालेली माणसं : निर्णय नेमका कुणाचा?



२१ डिसेंबर २०२२ रोजी आपल्या सोलापुरात निघालेला एक मोर्चा तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. नवरदेवाच्या वेशातली मुलं, कुणी घोड्यावर, सोबत बँड, आणि वरात चालली होती जिल्हाधिकारी कार्यालयावर! ज्योती क्रांती परिषदेनं काढलेला हा लग्न न जमलेल्या तरुणांचा मोर्चा होता. मागणी होती, गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची कडक अंमलबजावणी करा. लोक हसले. आज आपण हसू बाजूला ठेवून एक प्रश्न विचारू. खेड्यात ज्यांचं लग्न होत नाही, ते कुणाच्या निर्णयानं होत नाही?

आधी जुना काळ पाहू. जॉन हाजनल या अभ्यासकानं १९६५ साली दाखवून दिलं, की पश्चिम युरोपात लग्न करायचं म्हणजे वेगळं घर मांडायचं. ती ऐपत येईपर्यंत लोक थांबत, आणि पुष्कळ जणांचं लग्न राहूनच जाई. आपल्याकडे गणित उलटं होतं. सून यायची ती सासूच्याच चुलीवर. वेगळ्या घराचा प्रश्न नव्हता आणि लग्नं वडीलधारे लवकर उरकून टाकत. १९२९ च्या शारदा कायद्यानं मुलीचं किमान वय १४ ठरवलं, यावरून त्याआधीची स्थिती ओळखा. मुलगी बिनलग्नाची राहणं फारच दुर्मीळ.

मग कोण राहायचं? खंडोबाला सोडलेली मुरळी आणि यल्लम्माला सोडलेली जोगतीण. सोलापूरला दोन्ही दैवतं जवळची. बाळ्याचा खंडोबा तर दाराशीच, आणि सीमेपलीकडे सौंदत्ती. मूल होईना म्हणून नवस केला, पहिली मुलगी देवाला. पोरीच्या केसात जट झाली, देवीनं बोलावलं. घरात मुलगा नाही, मग म्हातारपणी आईबापाला सांभाळायला हिलाच देवाला सोडून घरी ठेवा. कारणं अशी असत. पोरीला कुणी विचारत नसे, विचारण्याइतकं तिचं वयही नसे.

आता यातली खोच बघा. गाव तिला अविवाहित म्हणत नसे. तिचं देवाशी लग्न लागलंय, असं म्हणे. देव मरत नाही, म्हणून ती अखंड सौभाग्यवती. पण या सौभाग्यात सासर नाही, नवऱ्याच्या मिळकतीत वाटा नाही, लेकरांना बापाचं नाव नाही. यातल्या बहुतेक मुली गरीब, दलित घरांतल्या होत्या. फायदा घेणारे मात्र ऐपतदार! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र'मधून या प्रथेविरुद्ध आवाज उठवला. पुढे १९३४ चा मुंबई इलाख्याचा कायदा आला, आणि महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा २००५ चा. मध्ये किती पिढ्या गेल्या, तुम्हीच मोजा.

आता परत मोर्चाकडे येऊ. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. गर्भलिंगनिदानावर नियंत्रण आणणारा कायदा आपल्या राज्यानं १९८८ मध्येच, देशात सर्वांच्या आधी केला होता, तरीही ही घसरण. पण नुसत्या आकड्यानं सगळं उलगडत नाही. ज्याची स्वतःची शेती आहे तो बापही जावई शोधताना म्हणतो, "नोकरीवाला बघा." पाण्याचा भरवसा नाही, भावाचा नाही, वाटण्या होऊन रान एकरावर आलंय. मुली शिकल्या, त्यांनी आईचे कष्ट पाहिलेत. त्यांनी 'नको' म्हटलं तर तो त्यांचा हक्क आहे. मुली कमी पडल्या म्हणून कुठूनतरी आणून पुरवायच्या, असं बोलणं म्हणजे मुरळीचाच हिशेब पुन्हा मांडणं.

तेव्हा मुलगी देवाला सोडणारं घर असो, की गर्भातली मुलगी नाकारणारं, निर्णय मोठ्यांनी आपल्या सोयीनं घेतला आणि भोगला दुसऱ्याच कुणीतरी. वर बोल लावला दैवाला. म्हणून गावात एखाद्याला 'घोडनवरा' म्हणून चिडवण्याआधी जरा थांबा. त्याच्या वयाच्या किती मुली गावात जन्मू दिल्या, आणि जन्मलेल्यांना या मातीत राहावंसं वाटेल असं आपण काय केलं, एवढं स्वतःला विचारा.